राबातली काच

माझ्या बापाच्या भाताच्या रोपांचं आमच्या गावात, औंढ्यात, फार कौतुक असायचं. आषाढात लोक बांधावर उभे राहून म्हणायचे, "महिपतीच्या हाताला गुण हाय." बाप लाजल्यासारखं करायचा आणि मुंडासं सारखं करायचा. गुण कुणाच्या हाताला होता, ते बापाला ठाऊक होतं, आईला अर्धं ठाऊक होतं आणि मला तर सगळंच ठाऊक होतं. तिघांनी मिळून ते गिळलं. आता माझी पंचाहत्तरी उलटली. आई-बाप गेले, मग लिहायला हरकत कसली, असं कुणी म्हणेल. हरकत नाही, पण लाज अजून आहे. ती काही आई-बापाबरोबर गेली नाही.

आमच्या मावळात भात लावायचा तर आधी राब भाजावा लागतो. वाफ्यात शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि चैत्र-वैशाखात पेटवून द्यायचं. त्या भाजल्या राखेत बी पेरलं की रोप जोमानं येतं. राब फसला की रोप फसलं, आणि रोप फसलं की वर्ष फसलं. आमच्याकडे बैलजोडी एक, म्हणून शेण थोडं. पालापाचोळा रानातून आणायचा. पंचवीस साली रानाच्या शिपायानं बापाचा कोयता काढून घेतला आणि पुन्हा दिसलास तर बैल नेईन म्हणून दम दिला. त्या वर्षी राबाला घालायला आमच्याकडे काही नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात लोणावळ्याच्या बाजारातून परत येताना बापानं गावाबाहेरचा कचऱ्याचा खड्डा पाहिला. त्याच्या काठावर कुणी न लावलेला भोपळ्याचा वेल असा माजला होता, की बाप गाडी थांबवून बघत राहिला.

लोणावळ्याचा कचरा म्हणजे कुणाला वाटेल घाणच. तसं नव्हतं. उन्हाळ्यात मुंबईचे शेट लोक बंगल्यांवर राहायला यायचे. बंगल्यांच्या मागच्या अंगाला टोपल्यांचे संडास असत. त्यांचा मैला लोखंडी पिंपाच्या गाडीतून निराळ्या वाटेनं जाऊन निराळ्या चरात पडायचा. काही शेट तर आपली सोय मुंबईहून बरोबर घेऊन यायचे. लाकडी हातांची खुर्ची, बैठकीला मधोमध भोक, खाली झाकणाचं भांडं. आमचा भाऊबंद नथू तेव्हा स्टेशनावर हमाली करायचा. त्यानं अशी एक खुर्ची डोक्यावरून बंगल्यापर्यंत वाहिली आणि "शेटची गादी आनली" म्हणून गावभर मिरवला. गादीला भोक कशाला, हे त्याला दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून लोणावळ्याचं नाव काढलं की तो थुंकायचा. नथूसारख्यांच्या लेखी मैला काय आणि कचरा काय, सगळं एकच. पण खड्ड्यात यायचा तो नुसता कचरा होता. टांग्यांच्या घोड्यांची लीद, बंगल्यांच्या बागांतला पाला, चुलींची राख, पत्रावळी आणि आंब्याच्या पेट्यांतलं गवत. राबाला याहून चांगलं काय पाहिजे?

खड्ड्यावर एक झाडूवाली बाई असायची. कचऱ्याच्या मक्तेदाराकडे कामाला. उंच, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. तिची वस्ती लोणावळ्याच्या कडेला, आणि तिची जात कुठल्याही गावात वेशीच्या बाहेरची. बापानं लांबूनच विचारलं, हे कुणी नेलं तर चालतं का?

"न्या की पाटील," ती म्हणाली, "मक्तेदाराचा खड्डा तेवडाच रिकामा हुईल. मी भरून दीन गाडी. तुमी कशाला हात लावताय?"

आम्ही काही पाटील नव्हतो. पण बापानं तिचं ते म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

तिथून पुढं अकरा वर्षं हे चाललं. मी लोणावळ्याच्या मराठी शाळेत जायला लागले तेव्हापासूनचं मला नीट आठवतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा. ती सुटली की बाप मला गाडीत घ्यायचा आणि भर दुपारी, माणसं घरात आडवी झालेली असताना, गाडी खड्ड्याकडे वळायची. मी जांभळीखाली बसायचे. बाप वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभा राहून पटका नाकाला लावायचा. ती बाई फावड्यानं पाटी भरायची, पाटी जमिनीवर पालथी करायची, खाली बसून दोन्ही हातांनी तो ढीग चाळायची, पुन्हा पाटीत भरायची आणि मग गाडीत टाकायची. एका गाडीला तास-दीड तास लागायचा. बाप चरफडायचा. "काय चिवडत बसतीया कोन जानं," तो मला म्हणायचा. तिच्या बोटांना कायम चिंध्या गुंडाळलेल्या असत. बापाला वाटायचं, तिला महारोग आहे. म्हणून सुगीला तिला पायलीभर तांदूळ द्यायचा, तो उंचावरून तिच्या पदरात ओतायचा.

एकदा तिनं मला सोडा-बाटलीतली निळी गोटी दिली, धुऊन, पदराला पुसून. बापानं वाटेत ती माझ्या हातातून घेऊन ओढ्यात टाकली. मी रडलेसुद्धा नाही. मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं.

गाडी भरली की बाप वर ऐनाचा पाला पसरायचा. गावात सांगून ठेवलं होतं, टाकव्याला मेव्हण्याचं मालकीचं रान आहे, तिथून पाला आणतो. लोकांनी विश्वास ठेवला. आमचं रोप असं यायचं, की लावणी करून उरलेलं दहा घरी जायचं. घरात तांदूळ उरायला लागला. त्या तांदळावर माझी शाळा चौथीच्या पुढं सातवीपर्यंत गेली, नाहीतर माझ्या बरोबरीच्या मुली तोवर नांदायला गेल्या होत्या. पुढं पुढं भैरवनाथाला नव्या भाताचा पहिला नैवेद्य आमच्या शेतातला जायला लागला. देवळाचं सगळं बघणाऱ्या दत्तोबा आबांनी तो मान चारचौघांत बापाच्या पदरात घातला. त्या दिवशी बाप जेवला नाही. आई म्हणाली, "आनंदानं पोट भरलं." मला वाटतं भीतीनं भरलं असावं. एवढा मान मिळाल्यावर आता खरं सांगायची सोयच उरली नव्हती.

छत्तीस सालच्या वैशाखात ते झालं. मी चौदा वर्षांची होते.

त्या आठवड्यात शेवटची गाडी भरायला खड्ड्यावर ती बाई नव्हती, दुसराच कुणी गडी होता. त्यानं पाव तासात गाडी भरून दिली. बाप खूष. "असा गडी पायजे," म्हणाला. तो कचरा आम्ही वाफ्यात पसरला, वर माती दिली, आता पेटवायचं तेवढं बाकी होतं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती बाई औंढ्यात आली. वेशीच्या आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. अंगात ताप होता, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. तशा उन्हात दीड कोस चालून आली होती. वेशीलगतच्या मारुतीच्या पारावर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांत नथू होता, दत्तोबा आबा होते आणि माझा बाप होता. मी समोरच्या आडावर घागर भरत होते.

"महिपती पाटलास्नी सांगावा द्याचा हुता," ती मोठ्यानं म्हणाली. "सोमवारची गाडी म्या भरली न्हाई. मी तापानं पडलेती. शेटच्या बंगल्यातलं काचंचं झुंबर फुटलंय, त्याचा समदा चुरा त्या गाडीत ग्येलाय. राबात हात घालू नगा म्हनावं. आदी मला येऊ द्या, मी येचून दीन."

पारावरचा नथू बापाकडे वळला.

"कोन ही, महिपतभाऊ?"

बापानं तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यानं तिच्या तोंडाकडे इतकं नीट कधी पाहिलं नसेल.

"मी न्हाई वळखत," तो म्हणाला.

तसं पाहिलं तर खोटं नव्हतंच. तिचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिला मात्र आमचं गाव, बापाचं नाव, माझी इयत्ता, सगळं ठाऊक होतं. तिनं पारावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी घागरीत पाहिलं. घागर भरून वाहत होती तरी मी पोहरा ओततच राहिले.

तिला कळायला वेळ लागला नाही. माणसं ओळखण्यात ती आमच्याहून पुढं होती. "चुकलं माजं," ती म्हणाली. "दुसऱ्या गावचा कुनी महिपती आसंल. डोसक्यात ताप हाय." आणि ती माघारी वळली. चार पावलं गेल्यावर पुन्हा थांबली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "कुनाचा का आसंना, त्या राबात हात नगा घालू."

ती दिसेनाशी होईपर्यंत नथू उठला होता. तो थेट आमच्या वाफ्यावर गेला आणि काठीनं उकरायला लागला. बाटलीचा गळा निघाला, गंजका डबा निघाला, झुंबराचा एक लोलक निघाला. त्यानं लोलक उन्हात धरून सगळ्यांना दाखवला. "आनि ह्यो म्हनं टाकव्याचा पाला!"

गाव गोळा झालं. दहा घरांच्या शेतांत आमचं रोप जात होतं, देवापुढं आमचं भात जात होतं. दत्तोबा आबा काठी टेकून बापासमोर उभे राहिले. "महिपती, खरं सांग," एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नव्हते. तेव्हा बाप खरं बोलला असता तर काय झालं असतं? दंड झाला असता, मान गेला असता, वर्षभर लोक पाण्याला सोबत आले नसते. त्यानं माणूस मरत नाही. हे मी आज म्हणते आहे. तेव्हा मला वाटत होतं, बापानं काहीही करावं, पण आमच्यावर हे येऊ देऊ नये.

"त्या बाईचंच काम," बाप म्हणाला. "मागं सुगीत भात मागाय आलती, म्या दिलं न्हाई. त्याचा दावा धरून कवा तरी गाडी वतून गेली आसंल."

मघाशी ओळखत नाही म्हणणाऱ्याला आता तिचा दावा कसा आठवला, हे कुणी विचारलं नाही. झाडूवालीचा दोष निघाला की दहाही घरं मोकळी होत होती. फक्त नथू हसला, पण तोही गप्प बसला. त्याच्याही शेतात आमचंच रोप होतं.

मक्तेदाराला अर्ज करायचं ठरलं. गावात अक्षर माझं चांगलं. दत्तोबा आबांनी मला पारापाशी बोलावलं, बोरू-दौत आणवली आणि सांगत गेले. मी लिहीत गेले. "आपल्याकडील एक झाडूवाली आमच्या शेतांत घाण टाकून जाते, देवाधर्माला बाट लागतो, तरी तिजला कामावरून दूर करावे." नाव काय घालायचं यापाशी गाडं अडलं. बाप म्हणाला, "बोटाला चिंद्या गुंडाळती. तेवडं लिव्हा, वळखतील." मी तेवढं लिहिलं. वळणदार लिहिलं, शाईचा एक डाग पडू दिला नाही. खाली पहिला अंगठा बापाचा होता. दत्तोबा आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

राहिला राब. तो उकरून साफ करायला एक दिवस पुरला असता. पण ज्याला गावासमोर घाण म्हटलं, त्यात हात कसा घालणार? शेवटी तोडगा निघाला, की अग्नीनं सगळं शुद्ध होतं. वाफ्यावर गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला आणि राब पेटवून दिला. सगळ्यांचं समाधान झालं. काच भाजली की तडकते आणि एकाच्या दहा होतात, एवढं शहाणपण देव-धर्म जाणणाऱ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. रात्रंदिवस चुलीशी बसणाऱ्या माझ्या आईला सुचलं होतं. तिला विचारलं कुणी?

आषाढात रोप उपटायला आई वाफ्यात बसली. रोप उपटताना बोटं चिखलात खुपसून मुळाखालून मूठ धरावी लागते. दुसऱ्याच मुठीला ती ओरडली. झुंबराची सुरीसारखी चीप तळहातातून आरपार दोन बोटांच्या मुळाशी गेली होती. हळद दाबली, पाला बांधला. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिरून पू काढला. हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं ते वाकलंच. भाकरी थापताना ती दोन बोटं वर राहायची आणि भाकरीची एक कड जाड व्हायची.

दवाखान्यातून आल्यावर आई रोज जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बोटांना गुंडाळायची. एके दिवशी ती तशी उंबऱ्यात बसली होती आणि बाप बाहेरून आला. तिच्या बोटांकडे बघून तो दारातच थबकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शालू, ती बाई चाळायची ती काच व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं.

"अकरा वरसं?"

अकरा वर्षांत आमच्या वाफ्यात कुणाच्या बोटाला ओरखडा आला नव्हता. आम्हाला वाटायचं, लोणावळ्याचा कचराच तसा स्वच्छ.

त्या रात्री तो जेवला, झोपला. पण सकाळी त्यानं एक पळवाट काढली. माणूस लाजेला फार दिवस घरात ठेवत नाही, तिला बाहेर काढायला काहीतरी निमित्त शोधतो. बापाचं निमित्त असं, की फुटकी काच विकली जाते. लोणावळ्याच्या बाजारात चाँदभाई जुन्या बाटल्या, डबे, काचा विकत घेऊन तळेगावच्या काचकारखान्याला पाठवतात. ती बाई काच वेचायची ती स्वतःच्या पोटासाठी, आपल्यासाठी नव्हे. हे म्हणताना त्याचा चेहरा इतका हलका झाला, की मलाही बरं वाटलं. खात्री करायला तो मला घेऊन चाँदभाईंच्या दुकानात गेला.

चाँदभाई काट्यावर बाटल्या ठेवत होते. बापानं आडून आडून विचारलं.

"सरूबाई म्हणता काय?" ते म्हणाले. तिचं नाव आम्हाला असं कळलं. "आणायची की. बाटल्या, बरण्या, मोठे तुकडे."

"आनि बारीक काच?"

"बारीक कोण घेतो, भाऊ? ती मातीसकट येते, भट्टीत चालत नाही. ती पोतंभर साठवून जांभळीमागं खड्डा करून पुरायची. मी म्हटलं, कशाला बोटं फोडून घेतेस? तर म्हणाली, औंढ्याचे एक पाटील राबाला नेतात, त्यांच्या बायकामाणसांचे हात असतात त्यात." त्यांनी काटा खाली ठेवला. "बिचारीचं काम गेलं. कुठल्या तरी गावानं अर्ज केला म्हणे. अक्षर मोठं सुंदर होतं, मक्तेदार मला दाखवत होता. नवऱ्याला घेऊन गेली कुठंतरी खालच्या बाजूला."

बापानं बैल जुंपले. परत येताना गाडीत बसवेना, म्हणून मी बैलांच्या बाजूनं चालत आले.

मार्गशीर्षात भैरवनाथापुढं नवं भात ठेवायची वेळ आली. बाप सकाळी अंघोळ करून आईला म्हणाला, "आज सांगून टाकतो." आईनं त्याला धुतलेलं धोतर काढून दिलं. देवळात सगळा गाव होता. बाप उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "औंदापासनं ह्यो मान मला नगं." दत्तोबा आबांनी विचारलं, "का रं?" आता तो सांगणार म्हणून मी पदराचं टोक चावत होते. बाप म्हणाला, "घरात बायकूचा हात अदू झालाय. घरातलं मानूस आजारी आसताना मान घ्यावा असं वाटत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. केवढा मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले. मान सोडून आलेल्या बापाचा गावात पहिल्यापेक्षा जास्त मान झाला. घरी आल्यावर आईनं त्याला ताट वाढलं, पण त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पुढंही फार बोलली नाही.

मी शिकून मास्तरीण झाले. तळेगावला मुलींच्या शाळेत लागले. पोरींना खरं बोलावं हे शिकवायचे आणि वळणदार अक्षर काढायला शिकवायचे. पहिलं शिकवताना माझा आवाज खाली जायचा. दुसरं शिकवताना, का कोण जाणे, मी मधेच खडू खाली ठेवायचे.

त्रेचाळीस साली हिवाळ्यात आई-बाप मला भेटायला तळेगावला आले. दोन दिवस राहिले. परत निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेले. नथूही कसल्याशा कामासाठी तळेगावात आला होता, तोही त्याच गाडीनं जाणार म्हणून आमच्याबरोबर उभा होता. फलाटाच्या टोकाला एक बाई झाडत होती. पाठमोरी होती तरी मी ओळखली. बापानंही ओळखली. तो एकटाच चालत तिच्याकडे गेला. मी आणि आई मागोमाग गेलो.

"सरूबाई," बाप म्हणाला.

ती वळली. केस पिकले होते. बोटांना चिंध्या नव्हत्या, सगळ्या बोटांवर पांढऱ्या रेघा होत्या. "पा..." म्हणून तिनं सुरुवात केली आणि मागून येणारा नथू दिसताच शब्द गिळला. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "त्या साली कुनाच्या हाताला लागलं तर न्हाई न्हवं? लय दिस मनात हाय माज्या."

सात वर्षांनी भेटलेल्या माणसाला तिनं एवढंच विचारलं. काम गेलं त्याबद्दल एक शब्द नाही.

आईनं वाकलेला हात पदराखाली घेतला. "न्हाई गं बाई," ती म्हणाली. "कुनाला बी न्हाई लागलं."

"बरं झालं," सरूबाई म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई."

बापाचा हात वर मुंडाशाकडे गेला. मला कळलं, तो मुंडासं काढून तिच्या पायाशी ठेवणार. आमच्यात माणूस याहून मोठी क्षमा मागू शकत नाही. मुंडासं कपाळावरून दोन बोटं वर सरकलंसुद्धा.

तेवढ्यात नथू येऊन पोचला. "कोन ही, महिपतभाऊ?"

बापाचा हात तसाच थांबला. मग त्यानं मुंडासं खाली ओढून नीट बसवलं.

"टेसनावरची झाडूवाली," तो म्हणाला.

सरूबाईनं मान खाली घालून झाडू उचलला. तिकडून गाडीची शिटी ऐकू आली. बाप तर बोलणार नव्हता, पण मी होते ना. तो अर्ज माझ्या हातचा होता. मला कुणाची भीती नव्हती, पगार माझा, गाव दुसरं, अंगावर मास्तरणीचं पातळ. फलाटावर माझ्या वर्गातल्या दोन पोरी आईबरोबर उभ्या होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. मी सरूबाईजवळ गेले. तिनं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि आडावर पाहिलं होतं तसंच पाहिलं.

मी म्हटलं, "मावशी, गाडी येतीये. जरा बाजूला व्हा."

ती झाली बाजूला.